‘व्हॉली’ला मराठीत काय म्हणावं? (आणि नेटजवळच्या बाकीच्या शब्दांचं काय?)

दुहेरीवाला:
आमच्या जिमखान्यावर संध्याकाळी चाळिशी-पन्नाशीतली मंडळी टेनिसचे डबल्स खेळतात. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, बहुतेकांचा हात चांगला चालतो. नेटजवळ उभं केलं की एकतर आखडतो, नाहीतर बॉल थेट मागच्या पडद्यावर. त्यांच्यासाठी मराठीत दोन पानांचं टिपण लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडलो. ‘व्हॉली’ला काय लिहू? शब्दकोशात फैर, सरबत्ती, भडिमार असं सापडलं. वर्तमानपत्रं ‘व्हॉलीचा फटका’ लिहितात. शिवाय पोचिंग, स्प्लिट स्टेप आणि हाफ व्हॉलीसाठीही काहीतरी हवंय. सर्व्हिस, बॅकहँड यांचं मराठीकरण करायची हौस नाही. पण वाचणाऱ्याला काय करायचं ते शब्दातूनच कळलं, तर निम्मं टिपण लिहावंच लागणार नाही.

शब्दवेडी:
फैर-सरबत्ती सोडून द्या, तो बंदुका आणि बाणांचा अर्थ. (फैर तर मुळात ‘फायर’च.) मूळ मात्र दोन्हींचं एकच: फ्रेंच ‘व्होले’ म्हणजे उड्डाण, त्यामागे लॅटिन ‘व्होलारे’, उडणे. बॉल हवेत असतानाच, टप्पा पडायच्या आत परतवायचा, ती व्हॉली. व्हॉलीबॉलचं नावही इथूनच आलं. १८९५ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी अमेरिकेत तो खेळ काढला तेव्हा त्याला ‘मिंटोनेट’ म्हणत. बॉल जमिनीला न लागता इकडून तिकडे जातो म्हणून पुढच्याच वर्षी नाव बदललं.

मी ‘बिनटप्पा’ सुचवते. ‘एस’साठी ‘बिनतोड सर्व्हिस’ क्रीडापानांवर रुळलंच आहे, त्याच घरातला वाटेल.

मिरजकर:
बिनटप्पा झकास. गल्लीत ‘वन टप्पा आउट’ खेळलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. माझी हरकत ‘फटका’ला आहे. दुहेरीवाले, तुमच्या मंडळींचा घोटाळा तिथेच होतोय असं मला वाटतं.

फटका म्हटलं की हात मागे जातो. बेसलाइनवर ते ठीक, कारण टप्पा पडेपर्यंत वेळ असतो आणि बॉलचा वेगही उतरलेला असतो. नेटजवळ त्याच्या निम्माही वेळ नसतो आणि बॉल स्वतःचा वेग घेऊनच येतो. त्यात आपली भर कशाला? रॅकेट खांद्याच्या मागे गेली की बॉलशी गाठ उशिरा पडते, आणि उशिरा पडली की बॉल नेटमध्ये किंवा पडद्यावर. आमच्या क्लबातले मार्कर (सराव देणारे) नव्या माणसाला एवढंच सांगत, “मारू नका साहेब, धरा.” मनगट घट्ट, रॅकेटचं डोकं मनगटाच्या वर, बॉलशी गाठ शरीराच्या पुढे आणि एक पाऊल बॉलच्या दिशेने. ताकद त्या पावलातून येते, हातातून नाही.

पकड कॉन्टिनेंटल, म्हणजे हातोडी धरतो तशी. फोरहँड आणि बॅकहँड दोन्हीकडे तीच. नेटजवळ पकड बदलायला वेळ कुणाला असतो!

दुहेरीवाला:
मग ‘झेल’ म्हणायचं का? ‘बिनटप्पा झेल’?

शब्दवेडी:
झेल घेतला की चेंडू हातातच राहतो हो. इथे परत पाठवायचाय. शिवाय क्रिकेटवाला लगेच विचारणार, आउट कोण झालं?

मिरजकर:
नाव म्हणून नको, पण शिकवताना झेलच कामाचा. रॅकेट बाजूला ठेवायला सांगा. समोरून कुणीतरी हलका बॉल टाकायचा आणि तळवा पुढे नेऊन तो शरीरापुढे पकडायचा. मग रॅकेट तिच्या गळ्याजवळ, तारांच्या लगेच खाली धरून तेच करायचं. मग मुठीला. मागे हात नेणारा माणूस पहिल्याच पायरीवर सापडतो, कारण हात मागे नेऊन कुणी झेल घेत नाही.

क्रियापद मात्र बदलाच. व्हॉली ‘मारायची’ नसते, ‘ठेवायची’ असते. कोर्टवर म्हणतातच की, “छान ठेवलास!”

बेसलाइनचा रहिवासी:
थांबा जरा. हल्ली टीव्हीवर ड्राइव्ह व्हॉली बघताय ना? अख्खा हात फिरवून मारतात, टप्पा न पडू देता. ती काय ‘ठेवलेली’ म्हणायची? शब्द नेमका हवा म्हणता आणि निम्मे प्रकार बाहेर ठेवता.

मिरजकर:
मान्य. पण ती उंच आणि संथ येणाऱ्या बॉलवर, बहुतेकदा कोर्टाच्या मध्यावरून. तिला खुशाल फटका म्हणा. स्मॅशलाही म्हणा. दुहेरीवाल्यांच्या मंडळींचं अडतंय ते कमरेच्या आसपास आणि खाली येणाऱ्या बॉलवर. नेटखालच्या उंचीवरून जोरात मारलेला बॉल नेट ओलांडून कोर्टात सहसा उतरत नाही. तिथे गुडघे वाकवायचे, रॅकेट किंचित उघडी, म्हणजे तारा जराशा वरच्या दिशेला, ठेवायची आणि बॉल खोलवर, समोरच्या बेसलाइनवाल्याकडे ठेवून द्यायचा. तोच बॉल नेटच्या वर मिळाला तर मात्र नेटजवळच्या प्रतिस्पर्ध्याच्या पायांशी. जुना नियम आहे: लांबून खेळलात तर लांबच्याकडे, जवळून खेळलात तर जवळच्याकडे.

लिअँडर पेस आठवा. बेसलाइनवरच्या ताकदीत त्याला मागे टाकणारे ढिगाने होते. पण भूपतीबरोबर १९९९ मध्ये तो चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत होता. फ्रेंच आणि विम्बल्डन त्यांनी जिंकली. त्याच्या जुन्या व्हिडिओंमध्ये बॉल बघू नका, नुसता उजवा हात बघा. मागे जातोय कुठे?

शब्दवेडी:
आता पोचिंगकडे वळूया. मराठीत हा शब्द मोठा विनोदी होतो. ‘पोच दे’ म्हणजे मिळाल्याचं कळव, ‘त्याला पोच नाही’ म्हणजे अक्कल नाही. “जोडीदाराने पोच केला” असं छापलंत तर वाचणारा पावती शोधेल. इंग्रजीत अर्थ दुसऱ्याच्या रानात घुसून शिकार उडवणे असा. डबल्समध्ये जोडीदाराकडे चाललेला बॉल मध्येच उचलायचा, म्हणून ते नाव.

कऱ्हाडची:
‘झडप’ घ्या. झडप घालणे. मी खेळते आणि मला हा पटतो, कारण त्यात पुढे जाणं आहे. आमच्याकडच्या बायका पोचिंग म्हणजे नेटला समांतर आडवं पळणं समजतात. तसं पळालं की बॉल आपल्यापासून लांबच जातो आणि रॅकेट ताणून कशीबशी लागते. जायचं तिरपं, नेटच्या दिशेने. कधी, हे जास्त महत्त्वाचं: रिटर्न करणारीने हात फिरवायला घेतला की. आधी हललात तर ती तुमच्या मागून, मोकळ्या गल्लीतून (डबल्ससाठी कडेला असलेल्या पट्ट्यातून) मारते.

कधीकधी नुसतीच हूल द्यायची. हा तर आपला खो-खोतला शब्द, त्याला इंग्रजी प्रतिशब्द शोधावा लागेल! एक खांदा आत टाकायचा आणि जागेवरच थांबायचं. रिटर्नवालीची नजर तेवढ्यानेही हलते.

आणि जोडीदाराला आधी सांगा. पाठीमागे हात नेऊन मूठ म्हणजे थांबणार, उघडा पंजा म्हणजे जाणार. मग सर्व्हिस करणारी मधल्या रेषेवर टाकते, म्हणजे रिटर्नला कोन कमी मिळतो, आणि तुम्ही सोडलेली बाजू झाकायला ती तिकडे सरकते. न सांगता झडप घातली तर दोघी एकाच बाजूला. आमच्याकडे त्यावरून अबोला झालाय.

दुहेरीवाला:
झडप आणि हूल दोन्ही घेतले. ‘गल्ली’ही घेतो. आमच्याकडे ‘ॲली’ म्हणतात, जुने लोक ‘ट्रॅमलाइन’.

मिरजकर:
गल्ली घ्या, पण तिथे ठाण मांडू नका असंही लिहा. गल्ली साडेचार फुटांची. तिच्या धास्तीने माणूस कडेला चिकटतो आणि मधलं मैदान मोकळं सोडतो. नेट मध्यभागी ३ फूट उंच असतं आणि खांबांपाशी साडेतीन, म्हणजे मारणाऱ्यालाही मधूनच सोपं. वर तिथे आलेला बॉल कुणाचा, यावरून दोघं एकमेकांकडे बघत राहतात. उभं राहायचं सर्व्हिसच्या चौकोनाच्या साधारण मधोमध. चौकोन २१ फूट खोल, म्हणजे नेटपासून दहा फूट धरा. सामन्यात दोनदा कुणी गल्लीतून पॉइंट काढला तर काढू दे. मधून दहा जाण्यापेक्षा ते परवडतं.

‘तुझा!’ या आरोळीवर माझ्या मते बंदी हवी. प्रत्येकाने ‘माझा!’ एवढंच ओरडावं.

बेसलाइनचा रहिवासी:
स्प्लिट स्टेप राहिली. ‘विभाजित पाऊल’ लिहिलंत तर मी हा धागा सोडून जाईन.

शब्दवेडी:
‘दबा’? दबा धरून बसतात तसं?

कऱ्हाडची:
दबा धरणारा हलत नाही. इथे हलायचंच असतं. समोरचा बॉलला रॅकेट लावतो त्या क्षणी पायांच्या चवड्यांवर उतरता येईल अशी जमिनीला घासून उडी. साधं ‘तयारीची उडी’ लिहा. पुढे सरकताना लोक ती विसरतात; धावत राहतात आणि बॉल नेमका मागच्या पायाशी येतो.

हाफ व्हॉलीला हात लावू नका. क्रिकेटमुळे ती घराघरात माहीत आहे, आणि टप्पा पडून बॉल उठता उठता खेळायचा, हे दोन्हीकडे सारखंच.

दुहेरीवाला:
ठरलं. शीर्षकात ‘व्हॉली’, पहिल्या ओळीत ‘बिनटप्पा परतवणे’, पुढे सगळीकडे ‘ठेवणे’. पोचिंगला ‘झडप’, ‘फटका’ फक्त स्मॅश आणि ड्राइव्ह व्हॉलीला. एक शेवटचं: ‘नेट’ ठेवू की ‘जाळं’? क्रीडापानांवर ‘जाळ्याजवळ’ असतं. आणि झडप घालताना रॅकेट पलीकडे गेली तर पॉइंट जातो का? यावर आमच्याकडे रोज वाद होतात.

मिरजकर:
नेट. जाळं म्हटलं की मासे आठवतात. जाळी म्हटलं की खिडकी.

नियम असा: बॉल नेट ओलांडून आपल्या बाजूला आल्यावरच त्याला रॅकेट लावायची. लावल्यानंतर हाताच्या ओघात रॅकेट वरून पलीकडे गेली तर चालतं. ओलांडायच्या आधीच लावली तर पॉइंट गेला. अपवाद फक्त एक. बॉल आपल्या बाजूला टप्पा घेऊन फिरकीने किंवा वाऱ्याने परत पलीकडे निघाला, तर हात नेऊन खेळता येतो. नेटला मात्र रॅकेट, हात, कपडे, काहीही लागता कामा नये. बॉल खेळात असताना टोपी पडून नेटला लागली, तरी पॉइंट समोरच्याचा.