हरणाच्या शिकारीला तीनशे डॉलरपेक्षा महाग स्कोप लागतो का?

हिलकंट्रीकर

नोव्हेंबरचा पहिला शनिवार आला की टेक्सासात व्हाइटटेल हरणांचा हंगाम उघडतो. त्याआधी दरवर्षी इथली दोन-तीन मराठी मंडळी मला हमखास विचारतात, "रायफल घेतली, आता स्कोप कुठला घेऊ?"

स्कोप म्हणजे रायफलीवर बसवून नेम धरायची भिंगांची नळी. माझं मत ठाम आहे. ३-९x४० चा (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं), एक इंची नळीचा साधा स्कोप घ्या, दोनशे ते तीनशे डॉलरच्या घरातला. ल्युपोल्ड, बर्रिस, व्होर्टेक्स, तिघांकडेही या पट्ट्यात चांगला माल मिळतो. उरलेले पैसे रिंगा (स्कोप रायफलीला धरून ठेवणारी कडी), गोळ्या आणि गळ्यातल्या दुर्बिणीवर घाला.

पहिल्या वर्षी मी स्वतः आकड्यांना भुललो होतो. ६-२४x५० चा स्कोप स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. लॅनोजवळच्या मचाणात बसलो होतो. सूर्य मावळून वीस मिनिटं झालेली, म्हणजे कायद्याने आणखी दहा मिनिटं हातात. हरणांसाठी मका सांडणाऱ्या फीडरपाशी, ऐंशी यार्डांवर एक नर येऊन उभा राहिला. रायफल खांद्याला लावली तर काचेत नुसता करडा चिखल. सकाळी रेंजवर झिरो करताना (नेम आणि गोळी एकाच जागी पडेल असं जुळवताना) स्कोप २४ वर नेला होता, तो तसाच राहिलेला. हिशेब सोपा आहे: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले स्कोप किती पट मोठं दाखवतो तो आकडा, म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरचा झोत. अंधारात आपली बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते. चाप ओढला नाही. जनावर निघून गेलं.

चाळीसच्या भिंगाने सहावर ठेवलं तर साडेसहा मिलिमीटर मिळतात. शंभर यार्डांवरच्या हरणाला सहा पुष्कळ झाले.

फायेटवाला

दादा, असहमत. तुमच्याकडे फीडर ऐंशी यार्डांवर आहे म्हणून हे चालतं. आमच्या फायेट काउंटीत शिंगांचा नियम आहे. एखादं शिंग विनाफाट्याचं असेल तर ठीक, नाहीतर दोन शिंगांमधलं आतलं अंतर निदान १३ इंच हवं. कान टवकारून उभ्या हरणाच्या कानांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं, त्यावरून अंदाज घ्यायचा. दोनशे यार्डांवर, झुडपाआड, ९ वर हे कळतं का? मी ४-१६ वापरतो आणि मला त्याचा एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. चुकून लहान नर मारला तर दंड भरायचा तो मीच ना?

हिलकंट्रीकर

फायेटवाला, तेरा इंचांचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण शिंगं मोजायचं काम स्कोपचं नाही, दुर्बिणीचं आहे. स्कोपमधून निरखणं म्हणजे भरलेली रायफल एखाद्या गोष्टीवर रोखणं. झुडपाआड काय आहे ते कळायच्या आधीच नळी तिकडे वळलेली असते. शेजारच्या लीजवरचा (शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीवरचा) माणूसही तिथे असू शकतो. हे मी कळकळीने सांगतो, कारण नव्या लोकांना कुणी सांगत नाही. १०x४२ ची दुर्बीण गळ्यात, आणि निर्णय झाल्यावरच रायफल खांद्याला.

ह्यूस्टनची_नेमबाज

दुर्बिणीबद्दल पूर्ण सहमत. पण तीनशेच्या मर्यादेबद्दल नाही. मी सातशे डॉलरना वापरलेला ऑस्ट्रियन स्कोप घेतला, तेव्हा नवऱ्यालाही ते पटलं नव्हतं. मग एका संध्याकाळी त्याचा अडीचशेवाला आणि माझा, दोन्ही रायफलींवरून उतरवून अंगणातल्या टेबलावर ठेवले, दोन्ही सहावर. कुंपणावर पुठ्ठा टांगला, त्यावर जाड मार्करने आकडे. त्याच्या काचेतून ३ आणि ८ मधला फरक दिसेनासा झाला, त्यानंतर सहा मिनिटं मला तो दिसत होता. झोताचा हिशेब दोघांचाही जवळपास सारखाच, मग फरक आला कुठून? काचेतून आणि तिच्यावरच्या लेपातून. तुमचा भागाकार झोत किती रुंद ते सांगतो, त्यातला प्रकाश किती स्वच्छ ते सांगत नाही. हरणं नेमकी त्याच सहा मिनिटांत बाहेर पडतात.

तळकोकणातून

मी सिंधुदुर्गातला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंदच आहे, त्यामुळे तुमच्या बाजारभावातलं मला कळत नाही. पण आजोबांकडे शेतरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. नळीच्या टोकाला नेम धरायची पितळेची माशी, बस्स. बार एकच, पुन्हा ठासायला वेळ लागणार, म्हणून डुक्कर तीस पावलांवर येईपर्यंत ते श्वास रोखून बसायचे. काच आली की माणूस लांबूनच बार काढायला बघतो, असं मला वाटतं. जखमी जनावर रात्रभर रानात ओरडतं ते मी लहानपणी ऐकलंय.

हिलकंट्रीकर

आजोबांचा संयम प्रत्येकाने घ्यावा असा आहे. तरी माशीवर भिस्त ठेवायला माझी छाती होत नाही. पंचेचाळिशीनंतर जवळची खाच, मधली माशी आणि लांबचं जनावर, तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. मग गोळी फऱ्यामागे लागण्याऐवजी पोटात लागते आणि तुम्ही म्हणता तेच ओरडणं ऐकावं लागतं. मी अंतराची मर्यादा स्वतःपुरती घालून घेतली आहे: दोनशे यार्ड. माझी .३०८ ची रायफल शंभर यार्डांवर झिरो केली की दोनशेवर गोळी सुमारे चार इंच खाली जाते. तेवढं माझ्या आवाक्यात आहे, पुढचं नाही.

नवा_भिडू

मध्येच विचारतो. दुकानात स्कोप डोळ्याशी धरून छान दिसला, रेंजवर मात्र पहिल्याच बाराला भुवईवर चंद्रकोर उमटली. रक्त आलं. स्कोप खराब आहे का?

ह्यूस्टनची_नेमबाज

नाही रे, स्कोप फार मागे बसलाय. डोळा आणि काच यांत साडेतीन ते चार इंच हवेत. रिंगा सैल करून पुढे सरकव. आधी डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, मग उघड. मान न हलवता पूर्ण गोल दिसला पाहिजे, आणि तो सर्वात मोठ्या आकड्यावर तपास. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळ, रिंगेसोबतच्या कागदावर आकडा असतो. अंदाजाने आवळलेल्या स्क्रूंमुळे सरकलेला झिरो लोक स्कोपच्या माथी मारतात.

फायेटवाला

दुर्बिणीचं पटलं. या हंगामात १०x४२ घेतो. पण ४-१६ विकणार नाही. सोळा आहे म्हणून सोळावर ठेवलंच पाहिजे असं कुठे आहे? मचाणात चढलो की चारवर आणायचा, एवढी सवय लावून घेतली की झालं.

हिलकंट्रीकर

चारवर आणायची सवय खरोखर लागली असेल तर माझी हरकत नाही. मला ती पहिल्या वर्षी नव्हती आणि नव्या माणसालाही नसते. नवा भिडू, तू ३-९ च घे. आणि नेमबाजताई, तो पुठ्ठ्याचा प्रयोग मी येत्या शनिवारी माझ्या स्कोपवर करतो. सहा मिनिटांचा फरक निघाला तर इथेच येऊन लिहीन.