रिपोर्ट चांगले, पण डायलिसिसनंतर आई दिवसभर गळून जाते: मार्गदर्शन हवे आहे

माझी आई ६४ वर्षांची असून गेली दोन वर्षे तिचे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास हिमोडायलिसिस (मूत्रपिंडाऐवजी मशीनने रक्त शुद्ध करणे) सुरू आहे. हिमोग्लोबिन १०.८ आहे आणि केटी बाय व्ही (डायलिसिसने रक्त कितपत शुद्ध झाले हे सांगणारा आकडा) १.४ च्या आसपास येते, त्यामुळे डायलिसिस व्यवस्थित होत असल्याचे डॉक्टर सांगतात, आणि त्याबद्दल मला शंका नाही. माझा प्रश्न रिपोर्टात न दिसणाऱ्या त्रासाचा आहे.

मशीनवरून उतरल्यावर तिला भोवळ येते, पिंडऱ्यांत गोळे येतात आणि अंगातली शक्ती परत यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडते. तोवर पुढच्या डायलिसिसची वेळ जवळ आलेली असते. रोज सकाळी उठल्याबरोबर ती डाव्या मनगटावरच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडावर) दोन बोटे ठेवून थरथर लागते का ते पाहते. पण पूर्वी त्यानंतर लगेच वाचायला बसणारी आई आता पुन्हा आडवी होते. हे पाहणे मला फार जड जाते.

दोन दिवसांच्या खंडानंतर तिचे वजन जवळपास तीन किलोने वाढलेले असते. तिचे कोरडे वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, ५२ किलो आहे. म्हणजे चार तासांत तीन लिटर पाणी काढताना दर किलोमागे ताशी सुमारे १४ मिलिलिटरचा वेग पडतो. हा वेग १३ च्या वर राहणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले आहे, असे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. तेच पाणी पाच तासांत काढले तर वेग साडेअकरापर्यंत उतरतो, पण आणखी एक तास खुर्चीत बसण्याची कल्पनाही तिला नकोशी वाटते, आणि तिच्या मनाविरुद्ध काही लादणे मला योग्य वाटत नाही.

ज्यांच्या घरी डायलिसिसची वेळ वाढवली, डायलिसेटचे (मशीनमध्ये रक्त शुद्ध करणाऱ्या द्रावणाचे) तापमान थोडे कमी ठेवून घेतले किंवा कोरडे वजन पुन्हा ठरवले, त्यांच्या रुग्णाचा थकवा खरोखर कमी झाला का? घरच्या घरी पोटाच्या डायलिसिसकडे (पोटात द्रावण सोडून रक्त शुद्ध करण्याच्या पद्धतीकडे) वळलेल्यांचा अनुभवही कृपया सांगावा. शिवाय, सावरायला किती तास लागतात याची नोंद आम्ही वहीत ठेवू लागलो आहोत; डॉक्टरांपुढे ती ठेवताना त्या नोंदीसोबत आणखी काय टिपून न्यावे?