मदत हवी आहे: बैलांच्या जुन्या घुंगरांसाठी टम्बलरमध्ये काय भरावं?

नमस्कार मंडळी,

नाशिकला भांडी बाजाराजवळ आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं काम आहे. कल्हई, डाग, पॉलिश. सासरे तांबटकाम करायचे, आता त्यांचा हात थरथरतो म्हणून मी आणि दीर बघतो. पोळ्याच्या तोंडावर सिन्नरच्या एका व्यापाऱ्यांनी ६० जुन्या घुंगुरमाळा उजळायला दिल्यात. एका माळेत १४ घुंगरं, म्हणजे ८४० नग. चिंच-मीठ लावून हाताने घासायचं तर एकाला चार मिनिटं जातात. म्हणजे नुसतं घासायलाच ५६ तास.

म्हणून दिरांनी टम्बलर, म्हणजे माल गोल फिरवून घासणारा ड्रम, बनवला. २० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, जुनी मोटर, पट्टा आणि पुली. मिनिटाला ३५ च्या आसपास फेरे. यंत्राची काही तक्रार नाही. अडलंय ते ड्रममध्ये घुंगरांसोबत काय भरायचं यावर.

नेटवर शोधलं तर बरीचशी माहिती अमेरिकेतल्या नेमबाजांची निघाली. ते लोक झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या साफ करून पुन्हा भरतात. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा की मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांचा, की पाण्यात स्टीलच्या पिना, यावर त्यांच्यात जोरात वाद चालतात. वाचून एवढं कळलं की अक्रोड कडक, तो काजळी खरवडतो. मका मऊ, तो चकाकी आणतो. पिना आतून-बाहेरून लख्ख करतात, पण मग पाणी, साबण आणि वाळवणं आलं. बरेच जण ओल्या पद्धतीकडे वळले त्याचं एक कारण धूळ. काडतुसाच्या टोपीत शिसं असतं, ते कोरड्या चुऱ्यातून उडून नाकात जातं.

पण पुंगळी एका बाजूने सताड उघडी असते. उलटी केली की चुरा पडतो. तरीही तिच्या बुडाच्या बारीक भोकात दाणा अडकला म्हणून ते लोक वैतागलेले असतात. घुंगराला तर तोंडच नाही. खाली तीन मिलिमीटरची चीर, चिरीच्या दोन्ही टोकांना चार-साडेचार मिलिमीटरचं गोल भोक, आणि आत लोखंडी गोळी.

पहिल्यांदा तांदळाची कणी वापरली, कारण ती घरात होती. दोन तासांनी घुंगरं बऱ्यापैकी उजळली. एक उचलून कानाशी हलवलं तर खुळखुळ नाही, नुसती खरखर. आत कणी भरलेली. सायकलच्या स्पोकला आकडा काढून संध्याकाळभर एकेक दाणा ओढत बसले.

दुसऱ्यांदा सराफ बाजारातून स्टीलच्या बारीक पिना आणल्या आणि पाण्यात लिंबूसत्त्व घातलं. चकाकी फार सुंदर आली. पण पिना आत शिरल्या, आणि लोहचुंबक लावलं तर पिनेच्या आधी आतली गोळीच येऊन चिकटते. शिवाय काही घुंगरांवर गुलाबी झाक आली, आणि दुसऱ्या दिवशी चिरीतून तांबूस पाणी ओघळलेलं दिसलं.

आणि मनाला लागलेली गोष्ट अशी की साफ झाल्यावर आठ घुंगरांना केसासारख्या भेगा दिसल्या. ड्रममध्ये आपटून फुटली का? माल लोकांचा आहे. काही माळा शेतकऱ्यांच्या आजोबांच्या वेळच्या आहेत.

तर प्रश्न: भरायचं काय? गुलाबी झाक कशाने? आणि त्या भेगा माझ्यामुळे का?

सातपूरकर:
ताई, मी एमआयडीसीत पार्टस् फिनिशिंगला आहे. आमच्याकडे नवीन पोराला पहिल्याच दिवशी सांगतात, आधी पार्टचं सगळ्यात मोठं भोक मोज. मीडिया, म्हणजे ड्रममध्ये मालासोबत घासायला भरतात ते, एक तर त्याच्यातून आपोआप गळून पडेल इतका बारीक हवा, नाहीतर आत शिरणारच नाही इतका मोठा. मधल्या मापाचा घेतला की अडकला. तुमच्या बाबतीत चीर मोजू नका, टोकाचं भोक मोजा, कारण मीडिया तिथूनच शिरतो. ४.५ चं भोक असेल तर ८ मिलिमीटरच्या पोर्सिलेनच्या गुळगुळीत गोळ्या घ्या. खरखरीत सिरॅमिक नको, ते पितळ खातं आणि चिरीच्या कडा गोल करतं. स्टीलचे छर्रे चकाकी देतात, पण वजनदार असतात, पत्र्याच्या घुंगराला पोचे पाडतील.

मापाने तीन भाग गोळ्या, एक भाग घुंगरं. ड्रम अर्ध्याच्या थोडा वर भरा. कमी भरला तर माल वरून खाली आदळतो, घरंगळत नाही. आणि दर खेपेला गोळ्या चाळा. झिजून किंवा फुटून लहान झालेली एखादी राहिली तर नेमकी तीच आत जाऊन बसते.

जुनातांबट:
सूनबाई, आंबटात लोखंड सोडू नये. सोनारसुद्धा तेजाबात लोखंडी चिमटा घालत नाही. आंबटाने पितळेतलं थोडं तांबं पाण्यात उतरतं आणि लोखंड जवळ असलं की ते वस्तूवर परत बसतं. तुमच्या प्रत्येक घुंगरात लोखंडाची गोळी आहे, मग गुलाबी होणारच. नुसतं आंबट जास्त झालं तरी वरचं जस्त निघून जातं आणि रंग तसाच दिसतो. रिठे रात्रभर भिजवा, कुस्करून गाळा, ते पाणी वापरा. जिथे हिरवा गंज धरलाय तेवढ्याच जागी बोटाने चिंच लावायची आणि लगेच धुवायची. नंतर लाकडाच्या भुशात वाळवा.

धागाकर्ती:
काका, रिठ्याचं नक्की करते. पण भुसा त्या भोकातून आत जाईल ना? मग पुन्हा माझी तांदळाची कणीच झाली.

जुनातांबट:
बरोबर. मी समईच्या हिशेबाने बोललो. घुंगराला भुसा नको. शेवटचं पाणी कढत घ्या. पितळ तापलं की आतला ओलावा आपोआप उडतो.

धातूशास्त्राचा विद्यार्थी:
ताई, भेगांबद्दल. या माळा वर्षभर कुठे टांगलेल्या असतात? गोठ्यात ना?

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेची काडतुसं आपल्याकडे पावसाळ्यात अशीच तडकायची. ती तबेल्यात ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, हवा दमट, आणि पुंगळी दाबून ओढून बनवलेली असल्याने धातूत ताण राहिलेला. हे तिन्ही जमले की पितळ कणाकणाच्या सीमेवरून चिरत जातं. याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. पत्र्याच्या दोन वाट्या दाबून जोडलेल्या घुंगरातही तसाच ताण असतो, ओतीव घुंगरात तो फारसा नसतो. तुमची आठही घुंगरं पत्र्याचीच आहेत का ते बघा. असतील तर भेगा आधीपासून होत्या, मळ गेला म्हणून दिसल्या. आणि अमोनिया असलेलं पॉलिश या मालाला अजिबात लावू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. आठही पत्र्याचीच निघाली. अजून न धुतलेल्या माळा खिडकीपाशी भिंगाखाली पाहिल्या, त्यातही पाच घुंगरांना भेगा सापडल्या. ज्यांना ड्रमचं पाणीसुद्धा लागलेलं नाही, त्यांत. हे वाचून दाखवलं तेव्हा सासरे म्हणाले, गोठ्यातलं घुंगरू तडकतं हे माहीत होतं, का ते माहीत नव्हतं.

काल पोर्सिलेनच्या ८ मिलिमीटरच्या गोळ्या आणल्या. माळा उसवून चामड्याचे पट्टे बाजूला काढले, रिठ्याच्या पाण्यात दोन तास फिरवलं, कढत पाण्यातून काढून टेबलफॅनखाली गोणपाटावर पसरलं. पिनांइतका आरसा झाला नाही. जुन्या सोन्यासारखा रंग आला, आणि मला तोच जास्त आवडला. १४० घुंगरं एकेक करून कानाशी वाजवली. दोन मुकी निघाली, त्यांच्यात जुनं शेण घट्ट बसलेलं होतं, ते आकड्याने काढलं. एकातही गोळी शिरलेली नाही.

भेगांची तेरा घुंगरं कुठल्या माळेतली आहेत ती चिठ्ठी लावून वेगळी बांधलीत. व्यापाऱ्यांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले ज्याची माळ त्याला विचारून बदलू. आता एकच विचारायचंय, सातपूरकर दादा: गोळ्यांवर काळपट थर दिसतोय, तो पुढच्या खेपेच्या मालाला लागेल का? नुसत्या साबणपाण्यात ड्रम अर्धा तास फिरवला तर निघेल का?