शब्दचर्चा : ॲपमधल्या ‘बॅकग्राउंड’ला काय म्हणायचं?

प्रश्न : एका ॲपमधल्या सूचना मराठीत आणतोय. हाती आलेल्या मसुद्यात आहे, ‘ॲप पार्श्वभूमीत डेटा वापरते’. वाचून डोळ्यांसमोर डोंगर आणि मावळता सूर्य येतो. प्रोग्रामरांसाठीच्या टिपणात तर ‘नेटवर्क विनंत्या पार्श्वभूमीत चालवाव्यात’ असं आहे. पार्श्वभूमी चित्राची असते, नाहीतर एखाद्या प्रकरणाची. तिथे काम कसं चालेल? दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद : एकच शब्द शोधू नका, कारण तुमच्या दोन वाक्यांतली बॅकग्राउंडं वेगळी आहेत.

टिपणातलं घ्या. ॲप उघडं आहे, बोट स्क्रीनवर आहे आणि सर्व्हरकडून यादी यायची आहे. थ्रेड म्हणजे ॲपमधली एकामागून एक कामं उरकणारी रांग; एका ॲपमध्ये अशा अनेक असतात. स्क्रीन रंगवणं, स्पर्श टिपणं हे मुख्य थ्रेडचं काम. सेकंदाला ६० वेळा चित्र उमटवायचं तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. सर्व्हरचं उत्तर त्याहून बरंच उशिरा येतं. मुख्य थ्रेडच वाट बघत बसला तर यादी बोटाखाली गोठते. अँड्रॉइडवर स्पर्शाला पाच सेकंद दाद मिळाली नाही की ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ ही पाटी येते. म्हणून काम दुसऱ्या थ्रेडवर टाकायचं. ॲप तर समोरच आहे!

सूचनेतलं बॅकग्राउंड म्हणजे ॲप बाजूला सारलंय, फोन खिशात आहे, तरी फोटो चढताहेत. इथे सत्ता ऑपरेटिंग सिस्टीमची. ॲपची अशी कामं लावून देणारं अँड्रॉइडचं वर्कमॅनेजर ठरावीक काळाने करायचं काम १५ मिनिटांहून कमी अंतराने घेतच नाही. आयफोनवर ॲप निजलं तरी सिस्टीमकडे रीतसर सोपवलेलं डाउनलोड सिस्टीम पुढे चालवते.

प्रतिसाद : ‘नेपथ्यात’ कसं वाटतं? संस्कृत नाटकांत ‘नेपथ्ये’ लिहिलं की आवाज पडद्यामागून येतो.

प्रतिसाद : अर्थ चोख, पण आज नेपथ्य म्हटलं की लोकांना सेट दिसतो. पुन्हा तुमचा डोंगरच.

प्रतिसाद : मग ‘परस्पर’? ‘ॲप परस्पर फोटो चढवते.’

प्रतिसाद : त्यात तक्रार आहे हो. परस्पर म्हणजे न विचारता. ‘मागच्या मागे’लाही तोच वास. ॲपला शिव्या घालायच्या असतील तर दोन्ही उत्तम, पण ॲपने स्वतःबद्दल असं का बोलावं?

आणि ‘विनंत्या चालवणे’ आधी काढा. विनंती करतात, फार तर फेटाळतात. ऑफिसात आम्ही ‘रिक्वेस्ट मारतो’ म्हणतो. छापायला ‘माहिती मागवणे’ पुरे.

प्रश्नकर्ता : नामाच्या मागे लागलो हीच चूक झाली. टिपणात आता ‘सर्व्हरकडून माहिती मुख्य थ्रेडवर मागवू नये’. सूचनेत ‘ॲप समोर नसतानाही डेटा वापरते’.

प्रतिसाद : छान. पण सेटिंग्जमधल्या बटणाचं काय? तिथे ‘समोर नसतानाचा डेटा’ लिहिणार?

प्रश्नकर्ता : तिथे दोनच शब्द मावतात. ‘बॅकग्राउंड डेटा’ ठेवतो आणि खाली बारीक अक्षरात ते वाक्य.