परतीला निघालेले पक्षी बघायचेत, दुर्बीण कुठली घेऊ आणि सुरुवात कशी करू?

माळरान:
नमस्कार मंडळी, मी यात अगदी नवखी आहे. घराजवळ छोटा तलाव आहे, पलीकडे शेतं आणि थोडं गवताळ माळ. हिवाळाभर तिथं पक्षी असायचे पण कधी नीट थांबून बघितलं नाही, आणि आता मार्च लागल्यावर कळलं की पाहुणे पक्षी उत्तरेकडे निघतात. ते जायच्या आत मला आणि नऊ वर्षांच्या लेकीला बघायचेत. १०×५० ची दुर्बीण घेऊ का? कॅमेरा लागतोच का? दुपारी गेलं तर चालेल का? आणि काल काठावरच्या चिखलात एक पिवळाधमक पक्षी दिसला, शेपटी सारखी वरखाली करत होता, तो कोण?

पाणवठा:
ताई, शेपटीवरून तर धोबीच. कुठला ते पाठ बघून ठरवा. पाठ हिरवट असेल तर पिवळा धोबी, आणि पाठ राखाडी, डोकं पूर्ण पिवळं, मानेमागे काळा पट्टा असेल तर पिवळ्या डोक्याचा धोबी, तोही नर. हेच पक्षी डिसेंबरात मळकट दिसतात हो, म्हणून तुमच्या नजरेत भरले नसतील. पक्षी परतीला निघायच्या आधी विणीचा रंग चढायला लागतो, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये बघायला मिळतं ते ऐन थंडीत मिळत नाही, तुम्ही उशीर केलाय असं अजिबात समजू नका.
१०×५० नको. जड पडते आणि १० पटीत हाताची थरथर पण तेवढीच मोठी दिसते, लेक दोन मिनिटांत कंटाळेल. तुम्हाला ८×४२, तिला ८×३२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली करून बघा, नाहीतर अर्धंच दिसतं. आणि पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची सवय करा, आधी घरी खांबावर वगैरे. कॅमेरा यंदा राहू द्या.

रानवाट:
वेळेचं सांगतो. बरेच छोटे पक्षी रात्री प्रवास करतात आणि पहाटे उतरून खायला लागतात, म्हणून उजाडल्यापासूनचे दोन तास सोन्यासारखे. तलावाच्या अशा बाजूला बसा की ऊन पाठीवर येईल, समोरून ऊन असलं की सगळे पक्षी काळेच दिसतात. शिकारी पक्ष्यांसाठी मात्र जरा ऊन तापू द्या, गरम हवा वर चढायला लागली की तिच्यावर घिरट्या घेत उंच जातात, आणि भोवत्या हा शिकारी पक्षी असेल तर माळावर गवताला चिकटून उडताना दिसेल. तारांवर माळभिंगऱ्या रांगेत बसल्या असतील तर लेकीला मोजायला सांगा. पळस-पांगारा फुललेला असेल तर भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा येतोच, कलकलाट लांबून ऐकू येतो.
मर्लिन ॲप फुकट आहे, आवाज ऐकून नाव सुचवतं. पण पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते नाव वहीत लिहू नका.

पाणवठा:
रानवाट, सगळं पटलं, फक्त मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही आणि खाणारा पक्षी उडवायचा नाही हेही ताईंना सांगायला हवं. मागच्या वर्षी एक टिलवा बघत होतो, चिमणीहून लहान जीव, चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चिखलात चाललेली, मान वर करायला फुरसत नाही. याला पार आर्क्टिकच्या टुंड्रात जाऊन अंडी घालायचीत आणि वाटेतलं इंधन म्हणजे अंगावर चढवलेली चरबी. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी पुढं सरकलं, उडाला, पलीकडे बसला, परत उडवला. मला फार वाईट वाटलं. तो खायचा थांबला की आपण थांबायचं, मान ताठ केली की दोन पावलं मागं.
आणि ताई, नवी ठिकाणं शोधत फिरू नका. तोच तलाव, आठवड्यातून दोनदा. थापट्या बदकं कमी कमी होत एक दिवस पाणी रिकामं दिसेल ती तारीख लिहून ठेवा, पुढच्या वर्षी फार कामाची आहे.

माळरान:
मनापासून आभार दादा लोक! आज पहाटे दोघी गेलो, दुर्बीण शेजारून मागून आणलेली. पाठ हिरवट होती, म्हणजे पिवळा धोबी! तारेवर ४३ माळभिंगऱ्या, लेकीनं दोनदा मोजल्या. थापट्या ११. वहीत तारीख टाकलीय, रविवारी परत जातोय.