दिव्याखाली काम करणारे बाबा: फ्लॅश वापरू की खिडकीच्या उजेडाची वाट पाहू?

टिकटिक:

नमस्कार. माझे बाबा मनगटी घड्याळं दुरुस्त करतात. हात आता थोडा थरथरतो, त्यामुळे मोजकीच कामं घेतात. ते काम पूर्ण थांबवण्याआधी मला त्यांचे फोटो नीट काढून ठेवायचे आहेत. घाई आहे ती एवढ्यासाठीच.

त्यांचं टेबल भिंतीला लागून आहे आणि खिडकी तिथून साधारण तीन मीटरवर. सकाळी दीडेक तास चांगला उजेड येतो, पण बाबा कामाला बसतात संध्याकाळी, टेबलावरचा पिवळा दिवा लावून. "दिव्याखाली स्प्रिंग दिसते, उन्हात ती हरवते," असं त्यांचं म्हणणं.

आत्तापर्यंत तीन प्रकार करून पाहिले. नुसत्या दिव्यावर, ५० मिमी लेन्स, एफ २ (म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं; एफचा आकडा वाढला की ते लहान होतं), शटर १/६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२००. फोटोचा रंग फार सुंदर आला, पण डोळ्यावरचं भिंग स्पष्ट असेल तर चिमट्याचं टोक धूसर, आणि टोक धरलं तर चेहरा गेला. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून समोरून मारला. कपाळ तेलकट चकाकलं, भिंगात पांढरा ठिपका बसला, मागच्या भिंतीवर काळी सावली उभी राहिली आणि टेबलावरचा दिवा पेटलेला असूनही विझल्यासारखा दिसला. त्याहून वाईट म्हणजे बाबांनी मान वर केली आणि म्हणाले, "थांब जरा, स्क्रू दिसेनासा झाला." त्यानंतर दोन दिवस मी कॅमेरा बाहेरच काढला नाही. तिसऱ्यांदा फ्लॅश भिंतीकडे वळवला. आमची भिंत पोपटी. बाबा आजारी दिसले.

ओळखीतले सगळे सांगतात की नैसर्गिक प्रकाशच खरा, फ्लॅशच्या नादी लागू नकोस. बाबांना सकाळी खिडकीशी बसवून काम करायला सांगू, की फ्लॅश नीट शिकून घेऊ?

तिरीप:

ताई, मी खिडकीच्या बाजूने आहे आणि का ते सांगते.

खिडकीचा उजेड एका बाजूने येतो, मोठ्या जागेतून येतो, आणि तो चेहऱ्यावर सावकाश उतरत जातो. सुरकुत्या, बोटांची पेरं, नखाखालची तेलाची रेघ, हे सगळं त्यात दिसतं. शिवाय समोरच्या माणसाला फोटो काढल्याचं जाणवतही नाही. तुमच्या बाबांचा स्क्रू दिसेनासा झाला, ती छोटी गोष्ट नाही. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ फ्लॅश टाळायचा तो याचसाठी, समोर जे घडतंय त्यात आपण ढवळाढवळ करू नये म्हणून.

न्यूयॉर्कचा पत्रकार जेकब रीस आठवतो का? १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची झटकन पेटणारी भुकटी निघाली. तिची बातमी वाचून रीसने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या काळोख्या खोल्यांत रात्री जाऊन फोटो काढले. ते फोटो निघाले हे चांगलंच झालं, त्यामुळे लोकांना त्या खोल्या दिसल्या. पण त्यातले चेहरे पाहा: डोळे किलकिले, झोपेतून दचकून उठलेली माणसं. त्यांच्या तोंडावर गरिबीइतकाच तो भडका दिसतो. मला ते फोटो पाहताना दर वेळी त्या माणसांची माफी मागावीशी वाटते.

एक सकाळ मागून घ्या. टेबल खिडकीपासून एका मीटरवर आणा, उजेड बाबांच्या डावीकडून येऊ द्या, उजवीकडे एक पांढरी चादर टांगा. ऊन थेट येत असेल तर पातळ पडदा ओढा. बस.

अंधारखोली:

तिरीप यांचं रीसबद्दलचं म्हणणं मला पटतं. पण टेबल हलवायला माझा विरोध आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. मी अनेक वर्षं फिल्म धुण्या-छापण्याचं काम केलंय, आणि दिव्याखाली काम करणाऱ्या माणसांचे फोटो हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

बाबा संध्याकाळी बसतात. दिवा लावतात. ते टेबल त्यांच्या हाताला सवयीचं आहे, कोणता चिमटा कुठे आहे ते न बघता कळतं. त्यांना खिडकीशी नेलंत तर उजेड सुंदर मिळेल, पण फोटो मिळेल तो खिडकीशी बसवलेल्या माणसाचा. तो पिवळा गोल आणि त्याभोवतीचा अंधार हीच त्यांच्या कामाची जागा. त्या दिव्याला धक्का न लावता काम कसं होईल, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं.

तुमचा पहिला फोटो का फसला ते आधी पाहू. फुल फ्रेम (म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने, एक मीटरवरून, एफ २ ला जेमतेम पाच सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळ्यापासून चिमट्याच्या टोकापर्यंत पंधरा-वीस सेंटीमीटर असणार. ते सगळं स्पष्ट हवं तर एफ ८ पर्यंत जावं लागेल. एफ २ ते एफ ८ म्हणजे चार स्टॉप; दर स्टॉपला उजेड दुप्पट लागतो, म्हणजे सोळापट उजेड. दिव्याकडून तो मिळवायचा तर शटर १/४ सेकंदावर न्या, आणि थरथरत्या हाताला १/४ सेकंद चालणार नाही. नाहीतर आयएसओ ५१२०० करा, मग नखाखालची तेलाची रेघ दाण्यांत विरून जाईल. उजेड कमी पडतोय तो इथे. म्हणून फ्लॅश हवा, पण दिव्याचा मदतनीस म्हणून.

तुमचा दुसरा फोटो वाईट आला त्यात फ्लॅश असण्याचा दोष कमी, तो कुठे होता याचा जास्त. लेन्सच्या शेजारी बसलेला लहानसा दिवा समोरून मारला की सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि चेहरा सपाट होतो. वर तो इतका जोरात होता की टेबलावरचा दिवा त्यापुढे काहीच उरला नाही. तो कॅमेऱ्यावरून उतरवा. एक साधा ट्रिगर, म्हणजे फ्लॅश दुरून उडवणारं यंत्र, लागेल. दिवा ज्या बाजूला आहे त्याच बाजूला, थोडा मागे, फ्लॅश ठेवा आणि त्याचं तोंड बाबांकडे न करता पांढऱ्या थर्माकोलच्या मोठ्या शीटकडे करा. शीटवर जेवढा उजेडाचा डाग पडतो तेवढा मोठा तुमचा प्रकाश. तो मोठा झाला की सावलीची कड मऊ होते. खिडकीचं गुपित तरी दुसरं काय आहे? आणि थर्माकोल पांढरा असल्याने पोपटी झाक येणार नाही. भिंतीवरून उसळलेला उजेड भिंतीचा रंग घेऊनच येतो.

रंगाचं महत्त्वाचं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका उजेड पिवळा. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विन, दुपारच्या उन्हासारखा. तुमचा दिवा २७०० ते ३००० च्या आसपास असावा. दोन्ही मिसळले तर चेहरा निळसर आणि टेबल नारिंगी, असं चित्र येतं. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा, पूर्ण ताकदीची, जी त्याला २९०० ते ३२०० च्या आसपास आणते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवण्याची सोय) दिव्याला जुळवा. मग दिवा कुठे संपतो आणि फ्लॅश कुठे सुरू होतो हे बघणाऱ्याला कळणार नाही.

आता आकडे. फ्लॅश बंद ठेवून सुरुवात करा: एफ ४, १/३०, आयएसओ ३२००. तुमच्या पहिल्या फोटोपेक्षा हे एक स्टॉप गडद आहे. दिवा पेटलेला दिसेल, बाकी खोली थोडी बुडेल. मग फ्लॅश १/६४ ताकदीवर चालू करा आणि हात दिसेपर्यंत एकेक पायरी वाढवा. शटर बदललं की दिव्याचा वाटा बदलतो, फ्लॅशचा नाही, कारण फ्लॅश एवढ्या कमी ताकदीवर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही खूप कमी वेळात उडून जातो. हे एकदा बोटांत बसलं की भीती जाते. आणि त्या झटक्याने थरथर गोठते, हे तुमच्या बाबतीत लाखमोलाचं आहे.

एफ ४ ला दहाएक सेंटीमीटरच स्पष्ट येईल. तेव्हा बाजूने काढा, म्हणजे चेहरा आणि हात लेन्सपासून जवळपास सारख्या अंतरावर येतील. एफ ८ ची गरजच पडणार नाही.

चकाकीचं थोडक्यात: घड्याळाची काच सपाट, ती तिरपी ठेवली की प्रतिबिंब दुसरीकडे जातं. भिंग फुगीर आहे, त्यात दिवा कुठे ना कुठे दिसणारच. तिथे टोचणारा ठिपका दिसण्याऐवजी थर्माकोलची मंद पांढरी पट्टी दिसू द्या, ती शोभते. धातूच्या चाकांनाही तीच हवी. आजूबाजूला पांढरं काही नसेल तर चकचकीत चाक फोटोत काळं येतं, कारण ते अंधाराचंच प्रतिबिंब दाखवतं.

शेवटी बाबांच्या डोळ्यांबद्दल. फ्लॅशची नळी त्यांना थेट दिसता कामा नये, काळ्या पुठ्ठ्याची आडोशी पट्टी लावा. स्क्रू बसवत असताना मारू नका. त्यांना विचारा, ते सांगतील कधी चालेल.

काजवा:

एक पर्याय राहिला. छोटं एलईडी पॅनल, रंग बदलता येणारं. ते सतत जळतं, त्यामुळे दचकवणार नाही आणि सावली कुठे पडतेय ते आधीच दिसतं. शिकणाऱ्यासाठी हे फार मोलाचं. ताकद मात्र फ्लॅशच्या मानाने अगदी थोडी, थरथर गोठवायला ते पुरणार नाही. आणि तुमच्या टेबलावरचा दिवा एलईडीचा असेल तर एक खबरदारी: काही स्वस्त दिवे विजेच्या तालावर सेकंदाला १०० किंवा १२० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर वेगात ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग मंद ठेवा.

टिकटिक:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार संध्याकाळी गेल्या, म्हणून उशिरा लिहितेय.

आधी बाबांना विचारलं. ते म्हणाले, मागचं झाकण उघडताना आणि तेल देताना काढ, बॅलन्स व्हील (घड्याळाचा ताल धरणारं नाजूक चाक) हातात असताना नको. मग मी नियमच केला: ते चिमटा खाली ठेवतात तेव्हा मी ट्रिगर तपासते, आणि ते मान हलवतात तेव्हाच फोटो.

थर्माकोल डावीकडे कपाटाला टेकवला. जेल लावण्याआधी मुद्दाम एक फोटो काढून पाहिला, बाबांचा गाल खरंच निळा आला. जेल लावल्यावर दिवा आणि फ्लॅश एकमेकांत असे मिसळले की मलाच ओळखू येईना. शेवटी एफ ४, १/३०, आयएसओ ३२००, फ्लॅश १/३२ वर स्थिर झाले. भिंगात आता एक उभी फिकी पट्टी आहे आणि तिच्या आत बाबांचा डोळा दिसतो. हे मला अपेक्षितच नव्हतं.

तिरीपताई, तुमचंही ऐकलं. रविवारी सकाळी टेबल न हलवता फक्त त्यांची घड्याळांची पेटी खिडकीत ठेवली, चादर टांगली आणि नुसत्या उजेडात हत्यारांचे फोटो काढले. हत्यारांना थरथर नाही, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून १/४ सेकंदही चालला. एका चिमट्याच्या दांड्यावर अंगठ्याने झिजलेला खळगा आहे. तो रात्रीच्या एकाही फोटोत दिसला नव्हता, खिडकीच्या तिरप्या उजेडात मात्र त्याची सावलीच पडली.

आता एक अडकलंय. तेल देतानाचा थेंब सुईच्या टोकावर क्षणभर थांबतो, तो मला हवाय. ५० मिमी लेन्सने फार लहान येतो. अंधारखोलीकाका, यासाठी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं चित्र देणारी) लागेल, की आहे त्या लेन्सला एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावून चालेल? आणि इतक्या जवळ गेल्यावर थर्माकोल कुठे ठेवू?