सिटकॉम म्हणजे ‘प्रसंगनिष्ठ’? मले तर पटून नाही राहिलं

माळावरचा मास्तर :
तालुक्याच्या कॉलेजातले पोट्टे मराठीचं काही अडलं की माझ्याकडे येतात. मास मीडियाच्या नोट्स झेरॉक्सची झेरॉक्स होत होत आमच्याइकडे पोचतात, त्यात सिटकॉम (इंग्रजीत ‘सिच्युएशन कॉमेडी’) म्हणजे ‘प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका’ असं छापून आहे. शब्द दिसायला भारदस्त, पण मले पटून नाही राहिला. विनोदाचे प्रकार शिकवताना आपण शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ, स्वभावनिष्ठ असं सांगतो, त्यात प्रसंगनिष्ठ म्हणजे घडलेल्या गोष्टीतून होणारा विनोद, वरातीत घोडं उधळलं अन् नवरदेव उकिरड्यावर जाऊन पडला तर तो प्रसंगनिष्ठ. आता सिटकॉम म्हणून जे दाखवतात त्यात अर्धा वेळ माणसं सोफ्यावर बसून एकमेकाले टोमणे मारत असतात, घडत तर काहीच नाही. मग त्या ‘सिच्युएशन’चा अर्थ काय धरायचा? जाणकारांनी सांगावं.

बोंडअळी :
मास्तर कायले एवढा विचार करता, ‘हसायची सिरीयल’ म्हणा ना बाप्पा. आमच्या घरी आजी तेच म्हणते. रडायची सिरीयल अन् हसायची सिरीयल, दोनच जाती. अन् लाईट गेली तर दोन्ही सारख्याच 😀

चुलीवरची भाकर :
मला वाटतं सिच्युएशन म्हणजे जागा. बघा ना, ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ मालिकेत तेच घर, तोच हॉल. तारक मेहतामध्ये गोकुळधाम सोसायटी, २००८ पासून तेच कंपाऊंड. एकाच ठिकाणी सगळं घडतं म्हणून सिच्युएशन, इंग्रजीत ‘सिच्युएटेड’ म्हणजे वसलेलं असाही अर्थ होतो की. त्या हिशोबाने ‘स्थाननिष्ठ’ म्हणता येईल.

माळावरचा मास्तर :
ताई, तुमचं म्हणणं जवळपास पोचतं पण ‘ऑफिस ऑफिस’ आठवा. २००१ची, सब टीव्हीवरची, पंकज कपूर म्हणजे मुसद्दीलाल. त्यात जागा कुठे एक होती, कधी हे ऑफिस कधी ते ऑफिस, अन् प्रत्येक ऑफिसात तेच शुक्ला, भाटिया, पांडे, उषाजी, पटेल बसलेले, एक पान चघळून राहिला, एक समोसे हाणून राहिला. जागा बदलली तरी मालिका तीच राहिली. म्हणजे जागा हा काही तिचा प्राण नाही. तिथे कायम काय होतं? सरळ माणूस खिडकीवर उभा अन् आतले लोक त्याला फिरवून राहिले. हे कायम होतं.

आमच्या तहसीलमध्ये सातबाऱ्यासाठी रांगेत उभं राहणाऱ्याले ही मालिका समजावून सांगावी लागली नव्हती, ते असो.

सेटवरचा वऱ्हाडी :
मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला, मुंबईत मालिकांच्या लिखाणाच्या टीममध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

मास्तरांनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. सिटकॉममधली सिच्युएशन म्हणजे आज घडलेला प्रसंग नाही, तर माणसांची एकमेकांत कायमची झालेली अडकवणूक. प्रसंग दर भागाला नवा येतो आणि जातो, अडकवणूक जात नाही. ‘आय लव्ह लूसी’ ही १९५१ साली अमेरिकेत सीबीएसवर सुरू झालेली मालिका घ्या. लूसीचा नवरा क्लबात बँड चालवतो, लूसीला स्टेजवर यायचंय, नवरा येऊ देत नाही. बस. आता दर आठवड्याला ती नवी काहीतरी शक्कल काढणार, फजिती होणार, शेवटी होती तिथेच. ती एकदा खरोखर मोठी नटी झाली असती तर मालिका तिथेच आटोपली असती. म्हणून आम्ही लोक नवीन मालिकेचा विषय ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारतो की या माणसांना एकमेकांना सोडून जाता का येत नाही? सासू-सून असेल तर नातं सोडू देत नाही, ऑफिस असेल तर पगार, रूम पार्टनर असतील तर भाडं. उत्तर नसेल तर दहाव्या भागाला गाडी थांबते.

आपल्याकडे याचं सुंदर उदाहरण दूरदर्शनवरची १९८४ची ‘ये जो है जिंदगी’. शरद जोशींचं लेखन (हिंदीतले शरद जोशी, शेतकरी संघटनेवाले नव्हेत, विदर्भात हे सांगितलेलं बरं). त्यात घरचे लोक तेच, आणि सतीश शहा दर भागात वेगळ्याच माणसाचं सोंग घेऊन यायचे. म्हणजे बाहेरून कोणीतरी येतो, घरात गोंधळ घालतो, निघून जातो, घर पुन्हा जागच्या जागी. सिटकॉमचा सांगाडा इतका उघडा क्वचितच दिसतो.

चुलीवरची भाकर :
अहो मग याला आपल्याकडे शब्द आहे की! घडी. घराची घडी. आई म्हणायची, पाहुणे येऊन गेले की घराची घडी विस्कटते अन् बसायला चार दिवस लागतात. सिटकॉम म्हणजे घडी विस्कटते आणि अर्ध्या तासात पुन्हा बसते. प्रसंगनिष्ठपेक्षा हे मला जास्त पटतंय.

सेटवरचा वऱ्हाडी :
ताई, हे मी उद्या ऑफिसात वापरणार. फक्त अर्धा तास म्हणू नका, जाहिराती काढल्या तर हाती बावीस मिनिटं उरतात, त्यातच विस्कटायची अन् त्यातच बसवायची.

बोंडअळी :
मग आता तारक मेहताची घडी सहा-सहा दिवस काहून नाही बसत? एक चोरी झाली की आठवडाभर तेच सुरू राहते.

सेटवरचा वऱ्हाडी :
कारण ती रोजची मालिका झाली. सिटकॉम मूळची आठवड्याला एकदाची गोष्ट. आठवड्याला एक भाग असला की त्यावर लिहायला, खोडायला, पुन्हा लिहायला वेळ मिळतो, अमेरिकेत प्रेक्षकांपुढे होणाऱ्या सिटकॉमचा तर आठवडाच ठरलेला, आधी सगळे नट टेबलाभोवती बसून वाचन करतात, जिथे कोणी हसत नाही ते वाक्य रात्रीतून बदलतात, मग तालमी, मग कॅमेऱ्यांच्या जागा, आणि शेवटी एका संध्याकाळी प्रेक्षक बसवून शूटिंग. रोजच्या मालिकेत हे शक्य नाही. इथे आधी ‘ट्रॅक’ ठरतो, म्हणजे दोन-तीन आठवडे चालणारी गोष्ट. त्याची भागवार ‘वन लाईन’, म्हणजे कोणत्या भागात काय घडणार ते थोडक्यात, निघते, ती चॅनलकडून पास होते, मग पटकथा एकजण लिहितो, संवाद दुसराच लिहितो, आणि कधीकधी संवादाचे कागद सेटवर पोचतात तेव्हा नट मेकअपच्या खुर्चीत असतो. भाग शिल्लक असले की त्याला ‘बँक’ म्हणतात, ‘बँक किती आहे?’ हा सेटवरचा रोजचा प्रश्न. बँक संपली की सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे जून कोरडा गेल्यावर होतात तसे. अशा घाईत पूर्ण गोष्ट बावीस मिनिटांत बसवणं होत नाही, मग ती लांबते, आणि भागाचा शेवट घडी बसण्यावर न होता ‘दार कोणी वाजवलं?’ यावर होतो. तो सिरीयलचा शेवट झाला, सिटकॉमचा नव्हे.

मराठीत श्रीयुत गंगाधर टिपरे होती ना अल्फा मराठीवर, ती आठवड्याची होती. आबांच्या, म्हणजे टिपरे आजोबांच्या, डायरीशी भाग मिटायचा. लेखनाला मुळात दिलीप प्रभावळकरांचं ‘अनुदिनी’ हे सदर होतं, म्हणजे पक्की तयार माणसं आधीच कागदावर होती. त्याच्या कितीतरी आधी मुंबई दूरदर्शनवर चिमणराव झाली, तीही चिं. वि. जोशींच्या तयार माणसांवर.

वडसा लाईन :
या चर्चेत उशिरा आलो जी. माह्या मनात दुसराच शब्द आहे. टीव्हीत मागून जे हसू येते त्याले काय म्हणावं? आमच्या गावात पोट्टे त्याले ‘भूत हसून राह्यलं’ म्हणतात.

माळावरचा मास्तर :
छापील मराठीत ‘पार्श्वहास्य’ असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटते पण ते ऐकून कोणाले हसू येणार नाही. ‘हशाची पट्टी’ म्हणता येईल, कारण मूळ ‘लाफ ट्रॅक’मधला ट्रॅक म्हणजे आवाजाची पट्टीच. वऱ्हाडीभाऊंचा वर आलेला ‘ट्रॅक’ वेगळा, तो कथेचा. एकाच धंद्यात एक शब्द दोन अर्थांनी, पोट्ट्यायनं हे लक्षात ठेवावं.

सेटवरचा वऱ्हाडी :
हशाच्या पट्टीची गोष्ट मजेदार आहे. १९५० साली ‘हँक मॅक्यून शो’ नावाच्या अमेरिकन मालिकेत पहिल्यांदा असं रेकॉर्ड केलेलं हसू लावलं. मग चार्ल्स डग्लस नावाच्या साऊंड इंजिनिअरने एक पेटीच बनवली, तिला बटनं, प्रत्येक बटनाला वेगळं हसू, खुदुखुदु, खो खो, एकट्या बाईचं, भरल्या थिएटरचं, आणि हसू किती लांबवायचं ते पायाखालच्या पेडलवर. पेटीवाला येऊन आपल्या पेटीतून हसू वाजवायचा, आणि पेटीच्या आत काय आहे ते कोणाला दाखवायचा नाही.

लूसीचं तसं नव्हतं. तिथे खरे प्रेक्षक बसवून तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी फिल्मवर शूट करायचे. फिल्मवर काहून, तर तेव्हा थेट प्रक्षेपण न्यूयॉर्कहून व्हायचं आणि लूसीचं काम करणारी ल्युसिल बॉल अन् तिचा खरा नवरा देसी अर्नाझ यांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं, आणि टीव्हीच्या पडद्यावरून फिल्मवर उतरवलेली कॉपी दूरच्या प्रेक्षकांना दाखवावी तर ती भुरकट दिसायची. त्या फिल्मचे हक्क त्यांच्याच कंपनीकडे राहिले, म्हणून पुढे ते भाग पुन्हा पुन्हा दाखवता आले. अडचणीतून पद्धत निघाली ती पुढच्या पिढ्यांनी नियम म्हणून पाळली.

वडसा लाईन :
तीन कॅमेरे अन् समोर पब्लिक, म्हणजे हे तं आमचं झाडीपट्टीचं नाटकच झालं जी! दिवाळी झाली, धान निघालं, मंडई भरली की वडशाच्या कंपन्यायची नाटकं सुरू होतात ते होळीपर्यंत, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया सगळीकडे, रात्री सुरू झालं की पहाटेपर्यंत. तिथला कॉमेडीवाला पाहा. लोकायचा हशा आला की थो थांबते, पुढचं वाक्य टाकत नाही, कारण टाकलं तर हशात बुडते. याले आमच्याकडे ‘हशा घेणं’ म्हणतात. नवीन पोट्टा असला अन् थांबला नाही तर मागून प्रॉम्प्टर त्याले वाक्यच देत नाही, आपोआप थांबते.

अन् उलटं पण आहे, हशा आला नाही तरी थांबला तर त्याची पुरी फजिती.

सेटवरचा वऱ्हाडी :
अगदी तेच! हा शब्द मुंबईच्या रंगभूमीवरही आहे, ‘लाफ्टर घेणे’. आणि म्हणूनच बिनप्रेक्षकांच्या सेटवर सिटकॉम करणं अवघड असतं, नटाला कळत नाही किती थांबायचं. मग एडिटर हशासाठी जागा सोडतो किंवा कापून टाकतो. ज्या मालिकेत हशाची पट्टी नाही तिथे वाक्यं एकावर एक येतात, चाल वेगळी, विनोदही वेगळा, जास्त चेहऱ्यावरचा. ‘मॅश’ या कोरियन युद्धातल्या लष्करी दवाखान्यावरच्या अमेरिकन मालिकेच्या निर्मात्यांना पट्टी नको होती, सीबीएसला हवी होती, शेवटी तडजोड अशी झाली की ऑपरेशन थिएटरच्या सीनमध्ये हसू लावायचं नाही. युद्धातले जखमी समोर आहेत आणि मागून खो खो, ते कसं दिसलं असतं विचार करा.

बोंडअळी :
बरं मग महाराष्ट्राची हास्यजत्रा सिटकॉम आहे का नाही?

सेटवरचा वऱ्हाडी :
नाही. ती स्किटं, म्हणजे छोटी विनोदी नाटुकली. बहुतेक स्किटांत माणसं नवी, नाती नवी. धंद्यात तिला ‘नॉन-फिक्शन’ खात्यात टाकतात, ऐकायला गंमत वाटेल.

चुलीवरची भाकर :
एक बोलू का, विषयाला धरूनच आहे. मालिकेत वऱ्हाडी माणूस आला की त्याला घडीच नसते. नोकर, हवालदार, नाहीतर गावाहून आलेला मामा. तो ‘काहून बे’ म्हणाला की पट्टीवरचं हसू सुटतं. त्याच्या बोलण्यात विनोद काहीच नसतो, बोली हाच पंच, म्हणजे हशा काढणारा फटका. भारत गणेशपुरेंचं वेगळं, ते त्या बोलीतून माणूस उभा करतात, बाकी ठिकाणी नुसते हेल. आपल्या मास्तरांच्या भाषेत याला काय म्हणायचं, बोलीनिष्ठ?

माळावरचा मास्तर :
आळशीनिष्ठ म्हणा ताई. आणि पंचावरून आठवलं, आमच्या गावात पंच म्हटलं की लोक ग्रामपंचायतीकडे पाहतात. ‘पंच पडला नाही’ असं मी वर्गात म्हटलं तर एक पोट्टा म्हणे, सर आमच्या वॉर्डात पडला ना, डिपॉझिट पण गेलं.

बोंडअळी :
😂😂 याले म्हणतात हशा घेणं.

वडसा लाईन :
‘घडी’ शब्द चांगला आहे जी पण आमच्याकडे एक अडचण आहे. इकडे घडी म्हणजे घड्याळ. ‘घडीची मालिका’ म्हटलं तर लोक इचारतील, कितीले लागते? हिंदीचा शेजार आहे आम्हाले, काय करता.

चुलीवरची भाकर :
अरे देवा, हे खरंच. आमच्या अमरावतीकडेही म्हणतात, ‘घडीत किती वाजले’.

माळावरचा मास्तर :
म्हणून एकटा ‘घडी’ नको, ‘घरघडी’ कसं वाटते? ऑफिस ऑफिसले घर नाही म्हणाल, पण कुटुंबासारखी जमलेली माणसं म्हटलं की चालून जाईल. पोट्ट्यायले पेपरात सिटकॉम हाच शब्द देवनागरीत लिहायला सांगणार आहे, कंसात ‘प्रसंगनिष्ठ’ लिहू नका म्हणणार, अन् व्याख्येत दोन ओळी : माणसं तीच, त्यांची आपसातली अडकवणूक तीच, दर भागाला प्रसंग नवा.

सेटवरचा वऱ्हाडी :
घरघडी मला आवडला. फक्त टायटल म्हणून कोणी रजिस्टर करायच्या आत इथून उचलतो 😄 आणि मास्तर, व्याख्येत एक ओळ वाढवा, भाग संपताना कोणीच शहाणं झालेलं नसतं. शहाणे झाले तर पुढच्या आठवड्यात लिहायचं काय?

बोंडअळी :
हे तर आमच्या सरपंचाले पण लागू पडते.